भिंतीवरचा आठ

फोन वाजला तेव्हा नुहादचे दोन्ही हात दलियाने बरबटले होते. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून ती तळव्याने दाबत होती. खिमा भरलेला कुब्बा ताटाएवढा गोल झाला की झालं, शुक्रवारची निम्मी कामं संपली. आतल्या खोलीतून दुसरी घंटी वाजायच्या आत आवाज आला, "धनून?" म्हातारीला फोन कोणाचा आहे, कुठल्या खोलीत वाजतोय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. शेजाऱ्याच्या घरात वाजला तरी ती तेच विचारायची. चौदा महिने विचारत होती. नुहादने कोपराने बटण दाबलं, मान वाकडी करून फोन खांद्यात धरला. पलीकडून अबू नशवान, नदीच्या उजव्या बाजूचा त्यांचा जुना शेजारी, नमस्कार-चमत्कार न करता सुरूच झाला, "काय हो नुहादबाई, तुमच्या घराच्या नंबरावर तो लोणचंवाला कशाला फोन उचलतो?" "कसला लोणचंवाला?" "अहो, दुरुस्तीच्या यादीवाले आलेत गल्लीत. ज्याच्या त्याच्या भिंतीवरचा नंबर फिरवतात नि माणसाला बोलावून घेतात. मला बोलावलं, जर्जीसच्या विधवेला बोलावलं. तुमचा फिरवला की एक म्हातारा उचलतो आणि खेकसतो, इथे सलगमचं लोणचं मिळतं, घरं मिळत नाहीत. उद्या दुपारपर्यंत माणूस आला नाही तर भिंतीवर तांबडी फुली. फुली म्हणजे बुलडोझर. मग म्हणू नका अबू नशवान बोलला नाही." "आकडा पुसट झाला असेल पावसाने," नुहाद म्हणाली. "पुसट कसला! लांबून वाचता येतो. शेवटी आठ."

शेवटी सात हवा होता. हे नुहादशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला, मुवफ्फकला नाही, दोन्ही पोरींना नाही, आणि जिच्या छातीशी कापडी पिशवीत तो साताचा फोन रात्रंदिवस लटकत होता त्या म्हातारीला तर नाहीच नाही. सोळा महिन्यांपूर्वी शहर दाढीवाल्यांच्या तावडीतून सुटलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. जे सुटलं ते बघायला उजव्या बाजूला जायला मात्र कोणाचे पाय धजत नव्हते. दोन महिन्यांनी गल्लीतल्या लोकांनी आपापल्या ढिगाऱ्यावर नाव आणि नंबर रंगवायला सुरुवात केली. अमक्याच्या वारसांची मालकी, संपर्कासाठी अमुक. नाहीतर उद्या कोणीही येऊन ढिगारा आपला म्हणेल. हाज्जा बद्रियाने, म्हणजे म्हातारीने, नुहादच्या आईने, हट्ट धरला. तिला मालकीशी कर्तव्य नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की लेक धनून परत आला तर घराकडेच येणार, घर दिसणार नाही, निदान नंबर तरी दिसला पाहिजे. तिने नवं सिम मागून घेतलं, ते नुहादच्या नावावर आलं, कारण कागदपत्रं धड फक्त नुहादची होती. मग दोघी पूल ओलांडून गेल्या. म्हातारी रिकाम्या रंगाच्या डब्यावर बसली आणि नुहादने निळ्या रंगात कुंचला बुडवला. "ठळक लिही गं. चष्मा लावत नाही तो." म्हातारीला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता. नुहाद बत्तीस पोरांच्या वर्गाला गणित शिकवायची.

त्याच्या आधी तीनच दिवस ती सुरक्षा खात्याच्या टेबलासमोर बसून आली होती. पगार आठ महिने अडकला होता आणि खात्याचा निर्वाळा मिळाल्याशिवाय सुटणार नव्हता. मुवफ्फकचाही नाही, थोरल्या पोरीचा कॉलेजचा प्रवेशही नाही. टेबलामागचा माणूस उद्धट नव्हता, हेच वाईट होतं. त्याने तिला चहा मागवला. धनून पाणीपुरवठ्यात कामाला होता, त्या दाढीवाल्यांच्या राज्यातही कामाला होता, त्यांचा पगार घेत होता, त्यांच्या वहीत त्याचं नाव होतं. जुलैत, शहर सुटताना, जुन्या शहरातून पुरुषांची रांग बाहेर पडली, सैन्याने ती सदरे काढून उन्हात बसवली, त्या रांगेत तो होता आणि मग नव्हता. "भावाचा संपर्क?" "नाही." "होईल?" "नाही." "झाला तर?" तिने चहाच्या पेल्यातली साखर ढवळली. ती विरघळून कधीच गेली होती. मग न्यायाधीशाच्या शिक्क्याचा कागद पुढे आला, की ह्या इसमाशी माझा यापुढे कोणताही संबंध नाही, आणि तिने सही केली. सही चांगली आली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करते तशीच. आणि तीन दिवसांनी भिंतीसमोर कुंचला शेवटच्या आकड्याशी पोचला तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपण तिकडे 'नाही' म्हणालो ते खरं ठेवणं आपल्याच हातात आहे. अरबी आकड्यांत सात म्हणजे वर उघडलेल्या दोन रेघा, आठ म्हणजे त्याच दोन रेघा खाली उघडलेल्या. मनगट फिरवायचं, बस. तिने फिरवलं. म्हातारी उठली, आपला तळवा ओठांना लावला आणि ओल्या आकड्यांवर टेकवला. घरी येईपर्यंत तिच्या हातावर निळं होतं आणि ती ते धुवायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघताना म्हातारीने दारापर्यंत येऊन बजावलं, "नवी भिंत झाली की नंबर पुन्हा लिहायला सांग हां त्यांना. आधी नंबर, मग गिलावा." नुहाद हो म्हणाली. भाड्याच्या किया गाडीत पुढच्या बाकावर बसलेल्या दोन बायका डाळिंबांचा भाव करत होत्या. ड्रायव्हर पुलाच्या तोंडाशी म्हणाला, "पलीकडे जाणारे उतरा, मी जात नाही. टायर फुटतात, नवे घेऊन देणार का?" "दहा मिनिटांचं अंतर आहे बाबा," नुहाद म्हणाली. "दहा मिनिटांचं आहे म्हणूनच तर, खाला. लांब असतं तर गेलो असतो, प्रवासाला गेल्यासारखं." बायका हसल्या. नुहाद चालत पुलावर आली. मधल्या तुटलेल्या भागावर लोखंडी सांगाडा टाकला होता, पाय पडला की तो कण्हायचा. खाली तैग्रिस नदी मातकट, फुगलेली, नेहमीसारखी निर्लज्ज वाहत होती. डाव्या बाजूला हॉटेलं चालू होती, लग्नाच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, दुकानांच्या पाट्या लुकलुकत होत्या. चौदा महिने ती रोज शाळेच्या गच्चीवरून उजवी बाजू बघत होती आणि रोज मान फिरवत होती. एवढी सोपी गोष्ट. मान फिरवायची, मनगट फिरवायचं.

नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "नाव?" बायकांना सहसा विचारत नाहीत. तिने स्वतःचं नाव, बापाचं, आजोबाचं, तिन्ही सांगितली, शेवटची दोन घाईने, कारण ती धनूनचीही होती. यह्या, सालेह. यंत्रात टाकली तर भावाच्या नावाखाली आपलंही पान उघडेल. शिपायाने यंत्र उचललंच नाही. तो बोटाने दात कोरत होता. "जा खाला." तरी पाठीवरून काहीतरी सरकत राहिलं, वळून बघितलं तर तो दुसरीकडे बघत होता. पुलाच्या पलीकडे पहिल्याच वळणावर एक मोठा चकचकीत फलक उभा होता, कुठल्या कुठल्या देशांच्या झेंड्यांचा, इथे पुनर्बांधणी चालू आहे असं सांगणारा. फलक उभा राहिला होता. त्याच्यामागे काहीच उभं नव्हतं. एक गवंडी फलकाच्या सावलीत बसून भाकरी खात होता. फलकाचा तेवढा तरी उपयोग. पाच-सहा पाहुणे, पाठीवर पिशव्या, तोंडाला फडकी, एका म्हाताऱ्याला पडक्या दारात उभं करून त्याचा फोटो काढत होते आणि तो म्हातारा दरवेळी हसायचा आणि दरवेळी त्याला हसू नका म्हणून खुणावलं जायचं. वास आलाच. चुन्याचा, ओल्या मातीचा आणि त्याखालचा तो तिसरा, ज्याचं नाव कोणी घेत नाही. दगडांखाली अजून माणसं आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे, काढायला माणसं नाहीत, फलक रंगवायला आहेत. बरीच पावलं गेल्यावर नुहादच्या लक्षात आलं की आपण ओढणीचं टोक नाकावर धरलंय. इथले लोक नाक झाकत नाहीत. ज्या गल्लीत ती जन्मली, जिथे डोळे मिटून दाराला हात लावायची, तिथे ती फडकीवाल्या पाहुण्यांसारखी चालत होती. तिने टोक सोडलं. दोन श्वास घेतले. मग पुन्हा धरलं.

लहानपणी धनून ह्याच गल्लीत तिला पाठीवर घेऊन धावायचा. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही कोपर भिंतींना घासायचे. तो मुद्दाम वाकडा धावायचा, ती ओरडायची, वरून कोणीतरी खिडकी उघडून दोघांच्या सात पिढ्या उद्धरायचं. आता भिंती इतक्या खाली आल्या होत्या की गल्ली रुंद झाली होती, ऊन सरळ जमिनीपर्यंत येत होतं. ह्या गल्लीत कधी ऊन आलं नव्हतं. ह्या उजेडाची तिला भीती वाटली. काहीतरी झाकायचं राहून गेल्यासारखं. शेवटचा फोन आला होता गेल्या वर्षी फेब्रुवारीत, लढाई नदी ओलांडून गेली तेव्हा, कोणाच्या तरी चोरून ठेवलेल्या फोनवरून. "तळघरात आहोत," धनून म्हणाला होता, "यम्माला तू घेऊन गेलीस ते बरं झालं. मी राहतो. नळ सोडायला कोणीतरी पाहिजे ना." मूर्ख. नळ सोडायला! ती तेव्हा ओरडली होती त्याच्यावर, मूर्ख, गाढव, तुझ्या नळाला आग लागो. ते शेवटचं बोलणं. आणि त्यानंतर तो रांगेत बसला आणि कोणीतरी बोट दाखवलं. कोणी दाखवलं? गल्लीतल्याच कोणीतरी. ज्याने दाखवलं तो आज नवी भिंत बांधत असेल.

अबू नशवान आपल्या घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. घर म्हणजे एक खोली आणि वर ताडपत्री, पण चौकटीला नवं सिमेंट लावलं होतं आणि त्याला त्याचा कोण अभिमान! "आल्या, आल्या गणिताच्या बाई! आमच्या नशवानला एका आकड्यासाठी नापास केलं होतंत ना? आणि स्वतःचा नंबर?" "वय झालं," नुहाद म्हणाली. "वय माझं झालं. तुमचं डोकं डाव्या बाजूला राहून नासलंय. चहा घ्या." यादीवाली मुलगी रगद, हेल्मेट घातलेली, जेमतेम पंचविशीची, पाटीवर कागद लावून भिंतींची मापं घेत होती. तिने नुहादला बघितलं आणि हातातला फोन पुढे केला, "खाला, हा तुमचा नंबर नव्हे ना? हाजी फतही नावाचे गृहस्थ आहेत. मी चार वेळा लावला, आता मला बघून... म्हणजे ऐकूनच चिडतात. म्हणतात, वर्षभर हे चालू आहे." "वर्षभर?" नुहादने विचारलं. "असं म्हणाले. बसा, कागद भरून घेऊ. बरोबर नंबर सांगा, वारसांची नावं सांगा, प्रत्येकाच्या पुढे हयात की मयत. मयत असेल तर दाखला. मयताचे रकाने भरले की फाइल पटकन सुटते. हयात आणि गैरहजर असेल तर ती आधी चौकशीला जाते."

अबू नशवानने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. "ऐका बाई. जर्जीसच्या विधवेने दिराला मयत लिहिलं. दोन साक्षीदार लागतात, एक मी झालो. दोन आठवड्यांत गवंडी आले. तुमच्यासाठीही होतो. पाप लागलं तर मला. धनूनला आपण सगळे शिव्या घालत होतो, त्यांचा पगार खातो म्हणून. आणि रोज त्याच्याच नळाचं पाणी पीत होतो. मी विसरलेलो नाही. पण मेलेला माणूस कोणाला त्रास देत नाही. जिवंत माणूस यादीत आला की त्याच्यामागे आपली सगळ्यांची नावं निघतात. गल्लीची." "तुम्हाला कोणी सांगितलं तो मेला?" "कोण सांगणार! सोळा महिने झाले." नुहादने चहाचा पेला उचलला, तोंडाला लावला, घोट न घेताच खाली ठेवला. वर्षभर हे चालू आहे. यादीवाली मुलगी परवा आली. मग वर्षभर कोण? "एक मिनिट हं," ती म्हणाली आणि आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर चढली. अर्धी भिंत उभी होती. निळ्या आकड्यांवर धूळ बसली होती आणि त्यांच्या बाजूला सुरुंग काढणाऱ्यांनी लाल रंगात लिहिलं होतं, सुरक्षित. तिने भिंतीवर वाचून, एकेक आकडा, आठापर्यंत, स्वतःच्या फोनवर दाबला. ही अक्कल आधी सुचली नव्हती. सुचली होती, पण तिने ती दर वेळी दाबून टाकली होती.

"आलं पुन्हा!" हाजी फतहीचा आवाज जाड, खोकल्याने भरलेला. "ताई, इथे घर नाही. लोणचं आहे. सलगम आहे, बीट आहे, काकडी संपली." "हाजी, रागावू नका. एवढंच विचारायचं होतं, यादीवाल्यांच्या आधी कोणी फोन केला होता का ह्या नंबरावर? कोणाला विचारत?" थोडा वेळ मागे बाजाराचा गलबला ऐकू आला, मग बरणीचं झाकण लावल्याचा आवाज. "एक माणूस करायचा. तीनदा केला. दर वेळी वेगळ्या नंबरावरून. पहिल्यांदा म्हणाला, यम्माला दे. मी म्हटलं, बाबा रे, माझी आई एक्याण्णवच्या साली गेली, तुझी तुझ्याकडे असेल. हसला. पण हसताना त्याला धाप लागली. कोणीतरी सुटून आलं होतं म्हणे त्याच्या बरोबरचं, त्याने भिंतीवरचा नंबर वाचून आत तुरुंगात कळवला होता. दुसऱ्यांदा म्हणाला, तिथे बहीण उचलते का फोन? मी म्हटलं, इथे मी आणि माझ्या बरण्या. म्हणाला, मग ठीक. बहिणीने उचलला तर मी न बोलता ठेवून देणार होतो, तिच्या पोरी आहेत, तिच्यावर बालंट यायला नको." नुहाद भिंतीला टेकली. धूळ पाठीला लागली. "आणि तिसऱ्यांदा?" "तिसऱ्यांदा नुसता श्वास. मी म्हटलं, तूच ना रे? हो म्हणाला. मग मला विचारत बसला, लोणचं कसं घालता. शिरका किती, मीठ किती, बीट कधी टाकायचं म्हणजे सलगमला रंग चढतो. मी सांगत बसलो. गिऱ्हाईक उभं होतं, तरी सांगत बसलो. भूक लागली असेल हो त्याला. भुकेचं बोलणं कळतं माणसाला." "केव्हा?" "बकरी ईद झाली होती. त्यानंतर नाही." "नंबर आहे त्याचा?" "मुलगी पुसून टाकते सगळं. घाबरते. तुम्ही कोण?"

नुहादने तोंड उघडलं. सांगायला सोपं होतं, एकच शब्द, बहीण. ज्या माणसासाठी आपण दार बंद केलं तो बाहेरून आधीच म्हणत होता की तू उघडूच नकोस, मी जातो. आपण भितोय हे त्याला ठाऊक होतं. रागसुद्धा नव्हता त्याला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, आपणही घातल्या असत्या, हिशेब फिटला असता. ह्या चांगुलपणाचं काय करायचं? तिला त्याचा संताप आला. मग टेबलामागच्या माणसाचा आला, त्याच्या चहाचा, न्यायाधीशाच्या शिक्क्याचा, फलकाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या सुरेख वळणदार सहीचा. बकरी ईद ऑगस्टमध्ये झाली. आता नोव्हेंबर. तीन महिने. ह्या तीन महिन्यांत त्याने आणखी एकदा करायला फोन हातात घेतला असेल, कोणाच्या तरी पायावर पडून मिळवलेला फोन, आणि म्हणाला असेल, जाऊ दे, तिथे लोणचंवाला आहे. किंवा काहीच म्हणायला उरला नसेल. हे कळणार नाही. कधीच कळणार नाही कदाचित. "मी यादीवाल्यांची," ती म्हणाली. हाजी फतही खोकला. "मग ताई, त्याचं घर पाडू नका."

ती उतरून आली. गुडघ्याला खरचटलं होतं, कधी ते कळलं नाही. रगदने कागद सरळ केला. "सांगा खाला. मालक?" "वडील. यह्या सालेह. मयत, दोन हजार नऊ." "वारस?" "आई. बद्रिया. हयात." "पुढे?" "मी. नुहाद." "शिक्षिका ना? निर्वाळा आहे? छान." पेन पुढच्या ओळीवर जाऊन थांबलं. अबू नशवान चहाच्या पेल्याकडे बघत होता, पण कान इकडे होता. नुहादला धाकटीची शाळेची बॅग दिसली, दाराशी टांगलेली. मुवफ्फकची पांढरी होत चाललेली मिशी दिसली. महिन्याच्या पगाराचा दिवस, रांग, खिडकी, आत बसलेला कारकून मान हलवतोय, बाई तुमचं नाव नाही. आज ना उद्या दारावर दोन माणसं येतील, चहा मागतील, भिंतीवर टांगलेले फोटो बघतील. तिच्या जिभेवर चुन्याची चव आली. "आणखी कोणी?" रगदने विचारलं.

"भाऊ. धनून."

"मयत," अबू नशवान पटकन म्हणाला, "लिही पोरी, मयत. मी साक्षीदार."

"हयात," नुहाद म्हणाली.

रगदने हेल्मेट मागे सरकवलं. तिचं कपाळ घामेजलं होतं, थंडी असून. ती हळू आवाजात म्हणाली, "खाला, हा कागद माझ्याकडे राहत नाही. वर जातो. तुम्ही पाहिजे तर घरी विचारून या, मी फुली उद्यापर्यंत थांबवते. कशावरून हयात? काहीतरी लिहावं लागेल मला."

"बकरी ईदनंतर त्याने लोणच्याची कृती विचारली," नुहाद म्हणाली. "बाजारातल्या दुकानदाराला. त्याचं नाव लिहू नकोस. माझं लिही. बहिणीने सांगितलं म्हणून लिही."

"पूर्ण नाव?"

"धनून यह्या सालेह." तिला वाटलं होतं तेवढा आवाज मोठा आला नाही. म्हणून तिने पुन्हा म्हटलं. ह्या वेळी गल्लीच्या तोंडाशी सिमेंट कालवणारे दोघं थांबले आणि वळून बघू लागले. त्यांच्यातला एक ओळखीचा होता. त्याने फावडं टेकवलं, तिच्याकडे बघितलं, मग अबू नशवानकडे.

अबू नशवान उठला. त्याने खुर्ची उचलली, नुहादच्या पुढचा भरलेला पेला घेतला, चहा जमिनीवर ओतला आणि आपल्या खोलीत गेला. चौकटीला अजून दार बसवलेलं नव्हतं. तरी आत गेल्यावर तो वळला, रिकाम्या जागेत हात घालून त्याने दार ओढून घेतल्यासारखं केलं, कडी लावल्यासारखं केलं, आणि पाठ करून उभा राहिला.